काउंटरवरची काचेची नळी: एक्स-रेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या एक्स-रे खोलीबाहेर, नाव लिहून घेतो त्या टेबलावर, काचेची एक जुनी नळी ठेवलेली आहे. लांबीला वीतभराहून थोडी जास्त, मध्ये फुगीर, आत एका टोकाला धातूची जाड चकती. दोन वर्षांपूर्वी आमच्याच मशीनमधून ती निघाली. मालवण तालुक्यातल्या ह्या सेंटरवर मी अठरा वर्षं ‘फोटो’ काढते आहे. एक्स-रेला इकडे अजून फोटोच म्हणतात. नंबर लागेपर्यंत बाकावर बसलेला माणूस नळीकडे बघतो आणि काहीतरी विचारतोच. आंब्याच्या मोसमात झाडावरून घसरलेले, शिंगाळ्याचा काटा पायात मोडून आलेले खलाशी, नाणं गिळलेल्या पोराची घाबरलेली आई, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे उतरवून ठेवते.

ह्या नळीत एक्स-रे भरून ठेवलेला असतो का?

नाही. तिच्यात काहीच भरलेलं नाही, हवासुद्धा नाही. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या अब्जाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी दाब आत असतो. आत दोनच महत्त्वाच्या वस्तू आहेत. एका बाजूला केसासारखी बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तो कॅथोड. समोर दिसते ती चकती, तो ॲनोड. दोघांत अंतर एक-दोन सेंटीमीटरचं. एक्स-रे ह्या दोघांच्या मध्ये बटण दाबल्यावर तयार होतो, आणि बटण सुटलं की संपतो.

मग तो तयार होतो तरी कसा?

अडवण्यातून. ह्या एका शब्दात जवळजवळ सगळं आलं, पण जरा सविस्तर सांगते.

फिलामेंट टंगस्टनच्या तारेचं असतं, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायचं तसंच. त्यातून काही अँपिअर वीज गेली की ते दोन हजार अंशांच्या वर तापतं. पेज उकळायला लागली की टोपावर वाफ जमते ना, तसे तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेभोवती त्यांचा ढग जमतो. तोवर ते कुठे जात नाहीत. मग तार आणि चकती यांच्यामध्ये प्रचंड विजेचा दाब दिला जातो. कंबरेच्या फोटोला सत्तर-ऐंशी हजार व्होल्ट. इलेक्ट्रॉनवर ऋण भार, चकतीला धन टोक जोडलेलं, त्यामुळे तो सगळा ढग चकतीकडे खेचला जातो.

सत्तर हजार व्होल्टला त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ निम्मा होतो: सेकंदाला सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. मुंबईहून मालवण सेकंदाच्या तीनशेव्या भागात. (गणपतीत ह्याच अंतराला चाकरमान्यांचे पंधरा तास जातात, ते सोडा.) आणि एवढ्या वेगाने आलेला इलेक्ट्रॉन चकतीच्या धातूत मिलिमीटरभरही आत न जाता थांबतो.

करूळ घाट उतरणाऱ्या एसटीत बसला असाल तर खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास आलेला असतो. गाडीचा वेग कमी झाला, ती ऊर्जा कुठेतरी जायला हवी, ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली. इलेक्ट्रॉनचंही तसंच. टंगस्टनच्या अणूच्या केंद्रकाजवळून जाताना तो त्याच्या ओढीने वळतो, मंदावतो, आणि गमावलेली ऊर्जा एक्स-रेच्या रूपाने बाहेर फेकली जाते. ह्या किरणांचं जर्मन नाव ब्रेमस्ट्राहलुंग. शब्दाचा अर्थच ‘ब्रेक लावण्यातून निघालेले किरण’. भौतिकशास्त्रात इतकं प्रामाणिक नाव क्वचित मिळतं.

म्हणजे सगळी ऊर्जा एक्स-रे होते?

छे. इथेच लोकांना नवल वाटतं. शंभर केव्हीला (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) टंगस्टनच्या चकतीवर जेवढी ऊर्जा आदळते तिच्यातली जेमतेम पाऊण ते एक टक्का एक्स-रे होते. उरलेली नव्व्याण्णव टक्के नुसती उष्णता. बहुतेक इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ पोचतच नाहीत. धातूच्या अणूंमधल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत, स्वतः धक्के खात, धातू तापवून ते संपतात.

मला विचाराल तर एक्स-रेची नळी म्हणजे मुळात एक शेगडी आहे, आणि तिच्यातून चुकून थोडा एक्स-रे निघतो. मशीनमधल्या बहुतेक विचित्र गोष्टी ह्या उष्णतेला तोंड देण्यासाठी केलेल्या आहेत. हिशोबच करा. ७० केव्ही, २०० एमए (मिलिअँपिअर, अँपिअरचा हजारावा भाग), एक दशांश सेकंद: चकतीवर त्या क्षणी १४ किलोवॅट पडतात. घरातला मोठा गिझर दोन किलोवॅटचा धरला तर सात गिझर, आणि ते सगळे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर.

फोटो काढण्याआधी घुर्रर्र आवाज येतो तो कसला? आजी घाबरते.

तो चकती फिरण्याचा आवाज. आमच्या हातातल्या बटणाला दोन टप्पे आहेत. अर्धं दाबलं की फिलामेंट पूर्ण तापतं आणि चकती फिरायला लागते, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या जवळपास. सेकंदभरात तिला वेग आला की बटण पूर्ण दाबायचं. तेव्हाच किरण निघतात. म्हणजे आजीला ज्या आवाजाची भीती वाटते त्या वेळी अजून काहीच झालेलं नसतं.

वाडीतला जुना रहाट आठवा. प्रत्येक लोटा पाण्यात जातो, भरतो, वर येतो, आणि त्याची पाळी परत येईपर्यंत दुसरे लोटे काम करतात. चकतीच्या कडेचंही तसंच. इलेक्ट्रॉनांचा मारा एकाच जागी होतो, पण खालची जागा सतत बदलत राहते. प्रत्येक भागाला क्षणभर ताप, मग निवायला सवड. चकती स्थिर असती तर तेवढ्या जागचा धातू वितळला असता. दातांच्या डॉक्टरांकडच्या छोट्या मशीनमध्ये ॲनोड स्थिरच असतो, कारण तिथे करंट फार थोडा लागतो.

मला स्वतःला ह्यातलं आवडतं ते हे की चकती फिरवणारी मोटार काचेच्या बाहेर आहे. बाहेर तारेची गुंडाळी, आत तांब्याचा रोटर, आणि मधल्या काचेतून फक्त चुंबकीय क्षेत्र जातं. निर्वात जागेत साधं तेल चालत नाही, त्याची वाफ होऊन पोकळी बिघडते. म्हणून बेअरिंगना वंगण म्हणून चांदीसारख्या मऊ धातूचा पातळ थर देतात.

चकती टंगस्टनचीच का? लोखंड का नाही?

टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंड त्याच्या निम्म्याआधीच. दुसरं कारण अणुक्रमांक. टंगस्टनचा ७४, लोखंडाचा २६. केंद्रक जितकं जड तितका इलेक्ट्रॉनला बसणारा ब्रेक जोरदार आणि किरण जास्त. हल्ली टंगस्टनमध्ये ऱ्हेनियम नावाचा धातू थोडा मिसळतात, म्हणजे तापून-निवून पृष्ठभागाला भेगा कमी पडतात. त्याखाली मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट असतं.

स्तनांच्या तपासणीचं मशीन मात्र वेगळं. तिथे मऊ मांसातला बारीक फरक दिसायला हवा, म्हणून बरेचदा मॉलिब्डेनमची चकती वापरतात. तिच्यातून १७ ते २० केईव्हीच्या (एक केईव्ही म्हणजे हजार व्होल्टने एका इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा) आसपासचे सौम्य किरण भरपूर मिळतात.

चकतीची कड उतरती का कापली आहे?

कौलारू घराच्या खळ्यात उभं राहून छपराकडे बघा. उतार खरोखर जितका लांब आहे त्यापेक्षा समोरून तो आखूडच दिसतो. इथेही तेच साधलेलं आहे. इलेक्ट्रॉन उतरत्या कडेवरच्या लांबट पट्टीवर पडतात, त्यामुळे उष्णता जास्त जागेत वाटली जाते. पण खालून, म्हणजे तुमच्या बाजूने बघितलं तर ती पट्टी लहानशा ठिपक्याएवढीच दिसते. ठिपका लहान असेल तर सावली रेखीव, म्हणजे फोटो स्पष्ट. आमच्या नळीत दोन फिलामेंट आहेत: बोटांच्या हाडासाठी ०.६ मिलिमीटरचा ठिपका देणारं आणि पोट-कंबरेसाठी १.२ मिलिमीटरचं.

ह्या उताराचा एक तोटाही आहे. चकतीच्या बाजूला जाणाऱ्या किरणांना चकतीच्याच धातूतून वाट काढावी लागते, म्हणून त्या बाजूला मारा जरा कमी पडतो. मांडीचा फोटो काढताना आम्ही खुब्याची जाड बाजू कॅथोडकडे ठेवतो ती ह्यासाठी. टेबलावर तुम्हाला डोकं दुसऱ्या टोकाला करून झोपायला सांगितलं तर रागावू नका.

केव्ही, एमए, एमएएस म्हणजे काय? तुम्ही पॅनेलवर काय फिरवता?

केव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनला दिलेला जोर. त्याने किरणांची भेदण्याची ताकद ठरते. हाताला ५० च्या आसपास, छातीला बरेचदा ११० च्या वर. ७० केव्ही लावले तर निघणाऱ्या सर्वांत जोरदार किरणाची ऊर्जा ७० केईव्ही, त्याहून जास्त कधीच नाही, कारण इलेक्ट्रॉनकडे तेवढीच असते. बहुतेक किरण ह्याहून बरेच दुबळे असतात, कारण एकाच ब्रेकमध्ये सगळं गमावणारा इलेक्ट्रॉन विरळा.

एमए म्हणजे किती इलेक्ट्रॉन जाताहेत. तो फिलामेंटच्या तापमानावर ठरतो. एमए गुणिले सेकंद म्हणजे एमएएस. १० एमएएसच्या एका फोटोत चकतीवर आदळणारे इलेक्ट्रॉन मोजायचे तर सहावर सोळा शून्यं लागतात. केव्ही साधारण १५ टक्के वाढवले तर प्लेटवर तेवढाच काळेपणा अर्ध्या एमएएसमध्ये मिळतो, हे आम्हाला शिकताना घोटवून घेतलं होतं आणि अजून रोज उपयोगी पडतं.

भिंतीच्या प्लगवर २३० व्होल्ट असतात. ७० हजार कुठून येतात?

ट्रान्सफॉर्मरमधून, आणि मग ती वीज एकाच दिशेची करून. नव्या मशीनमध्ये आधी विजेची कंपनं हजारोंनी वाढवतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि नळीला जवळजवळ एकसारखा दाब मिळतो. मी शिकले त्या जुन्या मशीनवर दाब सतत चढत-उतरत असे, आणि उतारातले किरण नुसतेच रुग्णाच्या कातडीत जात. मे महिन्यात संध्याकाळी गावाचं व्होल्टेज पडलं की त्या मशीनचे फोटो फिकट यायचे. लोक मला बोल लावायचे.

सगळे किरण ब्रेकचेच असतात का?

नाही, थोडे दुसऱ्या जातीचे असतात. कधी आलेला इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूतल्या अगदी आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला उडवून लावतो. ती जागा भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि दोन कक्षांमधल्या फरकाइतकी ऊर्जा सोडतो. टंगस्टनसाठी ती साधारण ५९ आणि ६७ केईव्ही, नेहमी तीच, म्हणून ह्यांना धातूचे स्वतःचे ओळखकिरण म्हणता येईल. पण आतला इलेक्ट्रॉन उडवायला किमान ६९.५ केईव्ही लागतात. त्यामुळे ५२ केव्हीवर काढलेल्या तुमच्या मनगटाच्या फोटोत हे किरण एकही नाहीत. शंभर केव्हीला ते दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास येतात. परीक्षेत ह्यांच्यावर पानंच्या पानं लिहावी लागतात, रोजच्या कामात ब्रेकवालेच आपले.

“मशीन बंद केल्यार खोलीत किरण उरतत काय गो?”

नाय ओ काकी, काहीच उरत नाही. कंदील मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच. इलेक्ट्रॉन थांबले की किरण थांबले. भिंत, टेबल, चादर, तुमचं अंग, काहीही किरणोत्सारी होत नाही. आणि ही टेबलावरची नळी तर नुसती काच आणि धातू आहे. तिला वीज नाही तर किरण नाहीत. अंगाला करंटही लागत नाही. सत्तर हजार व्होल्ट असतात ते शिशाचं अस्तर असलेल्या डब्यात, तेलात बुडालेल्या नळीला.

तेल कशाला?

दोन कामांना. एवढ्या दाबाच्या विजेने बाहेर उडी मारू नये म्हणून, आणि उष्णता वाहून न्यायला. निर्वात जागेत चकतीभोवती हवा नसते, म्हणून ती निवते ती चुलीच्या निखाऱ्यासारखी, नुसती धग फेकून. ती धग काचेतून तेलात जाते, तेलातून डब्याला. दिवसभर खूप फोटो झाले की डब्याला हात लावला तर कोमट लागतो.

एका फोटोने किती अपाय होतो?

छातीच्या एका साध्या फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास असतो (मिलिसीव्हर्ट हे अंगाला लागलेल्या किरणांचं माप). जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. कंबरेच्या फोटोला छातीपेक्षा बरंच जास्त लागतं, सीटीला त्याहून खूपच. म्हणून ‘आणखी एक काढून टाका, खात्री होईल’ असं म्हणणाऱ्यांना मी आधी डॉक्टरांकडे परत पाठवते.

नळीतून निघणारे अगदी दुबळे किरण हाडापर्यंत पोचत नाहीत, नुसती कातडी भाजायला येतात. त्यांना अडवायला नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. ७० केव्हीच्या वरच्या मशीनला एकूण २.५ मिलिमीटर ॲल्युमिनियमइतकी गाळणी लागते. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर खोलीत शिरण्याआधी सांगा. नवरा किंवा सासू बरोबर असली तरी सांगा. मी बाहेर येऊन एकटीला विचारते.

तुम्ही मात्र भिंतीमागे पळता!

हो, कारण तुमचा फोटो वर्षातून एखादा, माझे दिवसाला चाळीस. आमची भिंत जाड चिऱ्याची आहे, दाराला शिशाचा पत्रा आहे, आणि अंगावर किती किरण पडले ते टिपणारा छातीवरचा बॅज दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने आम्हाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे.

पावसाळ्यात तुमचं मशीन सारखं बंद का असतं?

दमट हवा आणि उच्च दाबाची वीज यांचं जमत नाही. मशीनच्या जाड केबल नळीच्या डब्यात जिथे बसतात तिथे ओलावा गेला तर वीज वाट चुकते आणि आत ठिणगी उडते. त्या टोकांना खास ग्रीस लावून घट्ट बसवतात, तरी इकडच्या जूनमध्ये सगळंच ओलं. खोलीत हवा कोरडी करायचं यंत्र लावलं तेव्हापासून त्रास कमी झाला. विजा चमकत असल्या तर मी मेन स्विच पाडते आणि लोकांची बोलणी खाते.

ही नळी गेली कशी?

माझ्या हातून. लपवण्यासारखं काही नाही. जूनचा पहिला आठवडा, दोन दिवस लाईट नव्हती, सकाळी आली आणि बाहेर रांग. नळी थंडगार असताना आधी कमी ताकदीचे दोन-तीन रिकामे फोटो काढून चकती हळूहळू तापवायची असते. मी ते टाळलं आणि पहिलाच कंबरेचा बाजूचा फोटो घेतला, ९० केव्ही, भरपूर एमएएस. आतून ‘टक्’ असा आवाज आला. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यासारखं झालं. नीट बघा, चकतीवर कडेपासून आत गेलेली भेग दिसते. नवी नळी येईपर्यंत तालुक्यातली माणसं फोटोसाठी कणकवलीला जात होती, आणि भेटेल तो मला ते ऐकवत होता.

तिचं वय तसंही झालं होतं. काच आतून काळपट आरशासारखी दिसते ना? तो वर्षानुवर्षं तापून उडालेला टंगस्टन आहे. तो थर वाढला की वीज चकतीकडे जायचं सोडून काचेकडे वळायला लागते. काही नळ्या अशा जातात, काहींचं फिलामेंट तुटतं, काहींचं बेअरिंग करकरतं.

शोध कुणी लावला?

विल्हेल्म रोंटगेन यांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये. काळ्या कागदाने झाकलेली नळी चालू असताना जवळचा रसायन लावलेला पडदा चमकताना त्यांना दिसला. कसले किरण ते कळेना, म्हणून एक्स, मराठीत क्ष. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा, अंगठीसकट, फोटो काढला. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. पेटंट त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या नळीत मात्र तापणारं फिलामेंट नव्हतं, आत उरलेल्या थोड्या हवेवर ती चालायची आणि रोज वेगळं वागायची. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापत्या टंगस्टनच्या तारेची नळी केली, आणि केव्ही-एमए वेगवेगळे ठरवता यायला लागले. टेबलावरची नळी त्याच घराण्यातली.

एमआरआय, सोनोग्राफीतही अशीच नळी?

नाही, त्यांत एक्स-रे नसतोच. सीटीत असते, ह्याच तत्त्वाची पण बरीच दणकट, आणि ती अख्खी तुमच्याभोवती फिरते.

हातात घेऊन बघू का?

नको. आत अजून पोकळी आहे. पडली तर काच आधी आत ओढली जाते आणि मग तुकडे सगळीकडे उडतात. टेबलाच्या ह्या बाजूला या, खिडकीकडून उजेड आला की भेग चांगली दिसते.